पौषातही बघत राहावा असा कोपरा

पुण्यात सार्वजनिक जागेत झाडं लावायची म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आषाढ-श्रावण येतो. रोपं तेव्हाच येतात, फोटो तेव्हाच निघतात आणि कौतुकही तेव्हाच होतं. लागवड पावसातच व्हायला हवी, त्याबद्दल वाद नाही. पण पावसाळ्यात पुण्यातल्या दगडी भिंतींवरही नेचे उगवतात, तेव्हा कुठलीही लागवड हिरवी दिसतेच. वर्षाचा साधारण ७००-७५० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये पडून जातो. ऑक्टोबरात मॉन्सून परतला की पुढचे आठ महिने त्या जागेला स्वतःच्या हिमतीवर उभं राहायचं असतं. आणि लोक बाहेर पडतात ते नेमके त्या महिन्यांत. थंडीत पहाटे १०-१२ अंशांत स्वेटर-कानटोपी घालून टेकडीला जाणारे, सकाळच्या उन्हात कठड्यावर पेपर वाचत बसणारे, संध्याकाळी नातवंडांना घेऊन निघालेले, हे सगळे रस्त्याकडेचा तुकडा रोज बघतात. म्हणून माझं म्हणणं असं की सार्वजनिक लागवडीची परीक्षा जानेवारीत घ्यावी.

सहकारनगरमध्ये, तळजाईचा चढ लागायच्या थोडं आधी तीन रस्ते एकत्र येतात, तिथे साधारण दीड गुंठ्याचा एक त्रिकोण आहे. पश्चिमेच्या टोकाला एक जुना शिरीष आणि त्याच्या शेजारी बुचाचं झाड. बाकी जागा मोकळी. तिथे दरवर्षी लॉन अंथरलं जायचं, कडेने पिवळ्या ड्युरांटाची रांग लागायची. टँकर आठवड्यातून एकदा यायचा आणि लॉनला पाणी रोज हवं असायचं, त्यामुळे दिवाळी संपेपर्यंत लॉन पिवळं पडून नोव्हेंबरअखेर उडून जायचं. मग २६ जानेवारीच्या तोंडावर पिटुनिया, डायंथस आणि झेंडूची फुललेली रोपं पिशव्यांसकट ओळीने मांडली जायची. दहा-पंधरा दिवस दृष्ट लागावी असं दिसायचं. होळीला तिथे पुन्हा मुरूम आणि फाटक्या काळ्या पिशव्या. हंगामी फुलांशी माझं वैर नाही. एम्प्रेस गार्डनचं जानेवारीतलं पुष्पप्रदर्शन मी चुकवत नाही. पण प्रदर्शन चार दिवसांचं असतं, त्रिकोण बारा महिन्यांचा.

आमच्या भागातल्या काही जणींनी मिळून ही जागा सांभाळायला घ्यायची असं ठरलं, तेव्हा डोक्यात एक चित्र आधीपासून होतं. काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मी भाचीकडे न्यूयॉर्कला होते. मॅनहॅटनमध्ये मालगाड्यांचा एक बंद पडलेला उन्नत लोहमार्ग आहे, त्यावर २००९ पासून टप्प्याटप्प्याने बाग केली आहे, तिचं नाव हाय लाइन. तिथली लागवड पीट उडॉल्फ या डच बागतज्ज्ञाने आखली. मी गेले तेव्हा हिरवं पान शोधून सापडत नव्हतं. तरी लोक थांबून बघत होते. कमरेएवढी वाळकी गवतं, काळे पडलेले फुलांचे बोंडे, तांबूस काड्या, त्यावर बर्फाची पातळ रेघ. हे वाळलेलं सगळं तिथे मुद्दाम उभं ठेवतात आणि मार्चमध्ये स्वयंसेवक येऊन एकदमच कापतात. झाड निवडतानाच ते मेल्यावर, म्हणजे वरचं अंग वाळल्यावर, कसं दिसेल याचा विचार केलेला असतो.

भारतात परत आल्यावर मला जाणवलं की आपल्याकडे हे जास्त सोपं आहे. तिथे वाढ थांबवते ती थंडी, इथे कोरड. बर्फाच्या ओझ्याने काड्या मोडायचा प्रश्नच नाही. आपली गवतं पावसाळाभर वाढतात, नवरात्राच्या सुमाराला तुरे काढतात आणि नंतर उभ्या उभ्या वाळून मार्चपर्यंत सोनेरी राहतात. फक्त ती आपण बागेत आणत नाही, कारण त्यांना आपण चारा म्हणतो.

तर आधी मार्गशीर्षात तळजाईवर नुसतं फिरायचं ठरवलं, वही घेऊन. कुणी पाणी घालत नाही तिथे या दिवसांत काय चांगलं दिसतंय, एवढंच लिहून काढायचं. बरोबर आमच्या सोसायटीचे माळीकाका होते. ते भोरकडचे, लहानपणी गुरांमागे माळावर फिरलेले. मला जी गवतं सगळी सारखी दिसत होती ती ते दुरून ओळखत होते. "ताई, हा शेडा. हे मारवेल, जनावर याला सोडत नाही. आणि ही कुसळी, हिच्यात बसू नका, पातळाला चिकटेल."

कुसळीपाशी मी बराच वेळ थांबले. तिचं एक बी हातात घेऊन बघण्यासारखं असतं. खाली अणकुचीदार टोक, त्यावर मागे वळलेली तांबूस लव आणि वर बोटभर लांब काळपट शेपटी, मध्ये वाकलेली. कोरडी असताना ती शेपटी पिळलेली असते. काकांनी तळहातावर बाटलीतलं थोडं पाणी घेतलं आणि त्यात बी ठेवलं. क्षणभर काही नाही, मग पीळ सुटायला लागला आणि शेपटी हळूहळू गोल फिरली. वाळली की पुन्हा पीळ बसतो. पहाटे दव, दुपारी ऊन, असं रोज करत करत ते बी स्वतःला जमिनीत घुसवून घेतं. झाडावर असताना याच शेपट्या एकमेकींत गुंतून काळ्याभोर वेण्या होतात आणि खाली पिवळंधमक पान. सगळा उतार त्या दोन रंगांचा झाला होता.

वहीत आणखी बरंच आलं. तरवडाची पिवळी फुलं, अजून टिकून असलेली. कोरांटी, काटेरी पण भरून फुललेली. दीपमाळेच्या माणूसभर उंच काड्या, त्यावर थोड्या थोड्या अंतराने गोल काटेरी बोंडं, वरच्या एक-दोन बोंडांत अजून नारिंगी फुलं आणि त्यावर शिंजीर चोच घालतोय. मुरुडशेंगेची निष्पर्ण झुडपं, पिळाच्या तपकिरी शेंगा लटकलेल्या. सावलीत चित्रकाची पांढरी फुलं. अडुळशाला कळ्या. एकाही झाडाला कुणी पाणी घातलेलं नव्हतं. शेजारी गिरिपुष्पाची पानं गळून गेली होती. एकाच प्रकारचं झाड मोठ्या पट्ट्यात लावलं की थंडीत काय होतं तेही तिथे दिसत होतं. सगळा पट्टा एकाच दिवशी उजाड.

दुसरी शिकवणी सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात झाली. जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून ती बाग घडवलेली आहे. तिच्यातलं लॉन आणि पाणी रस्त्याकडेला परवडणारं नाही, पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिथे फुलं फारशी नसतानाही बाग रिकामी वाटत नाही, कारण दगड, उंचवटे आणि कापून गोल केलेली सदाहरित झुडपं मिळून तिचा सांगाडा उभा राहतो. नुसतं गवत लावलं असतं तर आमचा त्रिकोण कुणी न वापरलेल्या प्लॉटसारखा दिसला असता. म्हणून साधारण एक तृतीयांश जागा सदाहरित ठेवायची, उरलेली वाळणाऱ्यांना, हे प्रमाण तिथे ठरलं.

परवानगीचं फार सांगत नाही. अर्ज, नकाशा, झाडांची यादी, पाण्याची जबाबदारी कोणाची, एवढं लिहून द्यावं लागलं. उद्यान निरीक्षकांनी यादी वाचून एकच प्रश्न विचारला आणि तो अगदी बरोबर होता. "मॅडम, वाळकं गवत दिसलं की तक्रारी माझ्याकडे येतात. लोकांना काय सांगू?" त्यांना तेव्हा दिलेलं उत्तर फारसं पटलं नव्हतं, पण पुढच्या पावसाळ्यात सुरुवात करा म्हणाले.

आखणीत सगळ्यात जास्त वेळ उन्हावर गेला आणि तो सार्थकी लागला. जूनमध्ये पुण्यात दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर असतो. डिसेंबरात तो बारा-साडेबारालाही ५० अंशांच्या वर चढत नाही. उगवतो आग्नेयेला, मावळतो नैर्ऋत्येला, आणि दिवसभर तिरपाच राहतो. तिरपं ऊन गवताच्या तुऱ्यांतून आरपार येतं तेव्हा ते गवत पेटल्यासारखं उजळतं. तेच गवत उन्हाकडे पाठ करून बघितलं तर मातकट दिसतं. आमच्याकडे सकाळी साडेसातच्या सुमाराला टेकडीकडे जाणारे लोक दक्षिणेला तोंड करून चालत असतात, म्हणजे ऊन त्यांच्या डाव्या अंगाने समोरून येतं. त्यांच्या आणि सूर्याच्या मध्ये गवत हवं आणि गवताच्या मागे उंच काही नको. म्हणून उंच झुडपं सगळी पश्चिमेच्या टोकाला शिरीषाच्या बाजूने गेली, मध्ये आणि पूर्वेला गवत मोकळं राहिलं. नकाशावर अशी झाडं लावली तर कुणालाही विचित्र वाटेल. त्या वेळेला तिथे जाऊन उभं राहिल्याशिवाय हे कळत नाही.

त्रिकोणाच्या टोकांना दोन फुटांपेक्षा उंच काहीच नाही, कारण तिथून दुचाकीवाल्यांना वळणावरचं दिसायला हवं. कुसळी फुटपाथपासून आत, मधोमध. तिची बियाणी मोज्यांत आणि कुत्र्यांच्या पंजांत घुसतात, त्यामुळे ती काठाला लावणं हा अन्याय झाला असता. काठाला मारवेल आणि शेडा. पश्चिमेला रोशा गवत आणि वाळा, दोन्ही उंच होतात. रोशाचं पान चुरगळलं की घमघमतं आणि थंडीत ते तांबूस होतं, शेजारच्या पिवळ्या गवतात तो रंग फार खुलतो. आमच्याकडे मोकाट गायी येतात, त्यांनी रोशाला तोंड लावलं नाही. तरवडालाही नाही. अडुळशाबद्दल तर आपल्याकडे शेळीसुद्धा तो खात नाही असं म्हणतातच.

आगीचा विचार आधीपासून करावा लागला. जानेवारीनंतर टेकड्यांवर वणवे लागतात, आणि रस्त्याकडेला वाळकं गवत म्हणजे कुणीतरी विडी टाकणारच. वनखातं जंगलात जाळरेषा काढतं तशी आम्ही चहूबाजूंनी अडीच फुटांची पट्टी ठेवली. बाहेरच्या अंगाला फरशीचे तुकडे, आतल्या अंगाला कोरफडीची दाट रांग. कोरफडीच्या पानात पाणी असतं, ती पटकन पेट घेत नाही, आणि थंडीत तिला पिवळट फुलांचे दांडे येतात. एका झाडाकडून दोन कामं झाली. शिवाय गवताचे मोठे सलग पट्टे न करता मधेमधे कोरांटी आणि कामिनी घातली, म्हणजे ठिणगी पडलीच तरी सगळं एका दमात जाणार नाही.

जमीन तयार करताना मात्र बरीच वादावादी झाली. वरचा राडारोडा, विटांचे तुकडे, प्लास्टिक काढलं आणि खाली मुरूम लागला. लगेच शेणखताच्या ट्रॉलीची बोलणी सुरू झाली. मी म्हटलं, झुडपांच्या खड्ड्यांत घाला, गवताला नको. हे कुणालाच पटेना. खत नाही म्हणजे काळजी नाही अशी आपली समजूत असते. पण ही माळावरची गवतं आहेत. हलक्या जमिनीत ती बुटकी, घट्ट आणि ताठ राहतात. भारी माती आणि खत मिळालं की मऊ, लांब वाढतात आणि परतीच्या पावसाच्या एका सरीत आडवी होतात. मग थंडीत बघायला काय उरणार? शेवटी काकांनी निकाल दिला. "बांधावरचं मारवेल बघा आणि मळ्यातलं बघा. बांधावरचं उभं असतं." मुरूम तसाच राहिला.

रोपं टेकडीवरून आणायची नाहीत हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. ती वनखात्याची जमीन आणि तिथली झुडपं तिथेच हवीत. मारवेलचे आणि वाळ्याचे ठोंब काकांच्या गावच्या बांधावरून आले. मारवेल हे चाऱ्याचं चांगलं गवत म्हणून राहुरीच्या कृषी विद्यापीठाने त्याचे सुधारित वाणही काढले आहेत, त्यामुळे ठोंब मिळायला अडचण येत नाही. कुसळी आणि शेड्याचं बी आधीच्या थंडीत जमवून ठेवलं होतं. झुडपं रोपवाटिकेतली. कामिनी, अबोली लगेच मिळाल्या. तरवड मागितला तर रोपवाटिकेतला माणूस म्हणाला, "तो विकायला कशाला ठेवू, रस्त्यानं उगवतो." तरवडाचं बी कठीण कवचाचं, कोमट पाण्यात रात्रभर भिजवून पिशव्यांत पेरलं आणि दोन पानांवर आल्यावर उन्हात काढलं. दोन-तीन चांगल्या पावसांनंतर, जमीन वीतभर खोल ओली झाल्यावर, ठोंब दीड फुटावर लावले. सुरुवातीला एवढं अंतर बघून सगळ्यांना रिकामं वाटतं. दाट लावायचा मोह टाळायला हवा, गवताचा प्रत्येक ठोंब सुटा दिसला तरच तो थंडीत रूपवान दिसतो.

पहिल्या पावसाळ्यात तण फार आलं. गाजर गवत, टाकळा, सगळं. खुरपणीला आळीपाळीने जावं लागलं. हा भाग कष्टाचा आहे आणि त्यात सांगण्यासारखं काही नाही, पण तो केला नाही तर पुढचं काहीच होत नाही.

आश्विनात बुचाचा सडा पडायला लागला आणि त्याच वेळी गवतांनी तुरे काढले. कार्तिकात पान पिवळं पडायला लागलं. आम्ही खुश होतो. आणि रस्त्यावरून जाणारे थांबून विचारायला लागले, "अहो, पाणी नाही का घालत? सगळं वाळलं की." एक आजोबा रोज एक बादली घेऊन यायला लागले, इतकं त्यांना वाईट वाटत होतं. त्यांना मी बसवून सांगितलं की हे असंच व्हायचं आहे, मुळं जिवंत आहेत, पहिल्या पावसात फुटतील. ते म्हणाले, "मग मला आधी सांगायचंत." त्यांच्या बादलीचं पाणी कामिनीला गेलं.

डिसेंबरात, तुरे अगदी रंगात असताना, एका सकाळी गेले तर गवत नव्हतं. कुठल्यातरी पाहुण्यांच्या दौऱ्यासाठी रस्त्याची साफसफाई निघाली होती. एका ठेकेदाराची माणसं यंत्र घेऊन आली आणि त्यांनी कोरफडीच्या आतलं सगळं गवत जमिनीसपाट केलं. दीपमाळेच्या काड्यांचाही ढीग बाजूला पडलेला. त्यातल्या एका काडीवर प्रार्थनाकीटकाचं अंड्यांचं घरटं होतं, वाळलेल्या फेसासारखं, काडीला घट्ट चिकटलेलं. मी ती काडी उचलून तरवडाच्या बुंध्याशी बांधली. यंत्र चालवणाऱ्या मुलाला मी बोलले नाही. त्याला रस्ता स्वच्छ करायला सांगितलं होतं आणि त्याच्या नजरेला तिथे गवत माजलेलं दिसलं. ते गवत कुणीतरी मुद्दाम ठेवलंय हे सांगणारी एकही खूण तिथे नव्हती.

अमेरिकेतल्या लँडस्केप अभ्यासक जोन नासॉवर यांनी १९९५ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं. निसर्गासारखी दिसणारी लागवड लोकांना पसारा वाटते. तिच्याभोवती नीट चौकट असली, कुणाचा तरी हात फिरल्याच्या खुणा दिसल्या, की तीच लागवड त्यांना जपलेली वाटते. पुढच्या वर्षी आम्ही चौकटीवर पैसे खर्च केले. फरशीच्या तुकड्यांची पट्टी सरळ रेषेत बसवून घेतली. कोरफडीची रांग सरळ केली. कामिनीची दर महिन्याला छाटणी. रस्त्याच्या बाजूला चार हातांचा वाफा झेंडू-शेवंतीला दिला, कारण लोकांना फुलं हवी असतात आणि ती मिळायला हवीत. दोन्ही बाजूंना पाट्या लावल्या: "हे गवत वाळू देण्यासाठीच लावले आहे. पक्षी याचे बी खातात. कापणी फाल्गुनात होईल. त्याआधी कृपया कापू नये." खाली महिन्यावार काय फुलतं त्याचं चित्र शाळेतल्या मुलांनी रंगवलं. उद्यान निरीक्षकांनी मुकादमाला तसं लेखी कळवून ठेवलं. त्यांचा तो पहिला प्रश्न होता ना, लोकांना काय सांगू, त्याचं उत्तर ही पाटी.

त्या थंडीत त्रिकोण जसा हवा तसा झाला. दिवाळीला दीपमाळ नारिंगी आणि तरवड पिवळा. मार्गशीर्षात कोरांटी भरात, कुसळीच्या वेण्या काळ्या, रोशा तांबूस. पौषात शिरीषाची पानं झडून फिक्या चपट्या शेंगा उरल्या आणि वारा आला की त्यांचा खुळखुळाट ऐकू यायचा. त्याच्या पायाशी अडुळशाची पांढरी फुलं आणि चित्रक. माघात धायटीच्या फांद्या लाल झाल्या. एक रंग उतरला की दुसरा कुठून तरी वर येत होता. आणि मध्ये सतत ते सोनेरी गवत, सकाळी उजळणारं. ठिपकेवाल्या मुनियांचे थवे यायचे. एवढीशी मुनिया मारवेलच्या काडीवर बसते, काडी तिच्या वजनाने जमिनीपर्यंत वाकते, आणि ती खाली टेकलेल्या तुऱ्यातलं बी शांतपणे खाते. लहान मुलं कठड्याशी उभी राहून हे बघत. हिवाळी पाहुणा थिरथिरा शेपटी हलवत फरशीवर फिरायचा. पाणी लागलं ते फक्त झुडपांना, तेही पंधरवड्यातून एकदा. गवताला परतीच्या पावसानंतर थेंबही नाही.

तक्रारी थांबल्या असं नाही. वाळक्या गवतात साप येतात ही सगळ्यात मोठी भीती. तिला हसण्यावारी नेता येत नाही. गवत आणि फुटपाथ यांच्यामधली मोकळी पट्टी त्यासाठीही उपयोगी पडते, आणि जागेत कचरा, खरकटं पडू दिलं नाही तर उंदीर येत नाहीत, उंदीर नाहीत तर सापाला तिथे यायचं एक मोठं कारण उरत नाही. दुसरी तक्रार दीपमाळेची. तिचं मूळ आफ्रिकेतलं मानतात आणि ती बी टाकून फार पसरते. ही तक्रार खरी आहे. आम्ही बोंडं वाळली की खालची कापून घेतो, वरची तेवढी ठेवतो आणि पावसात उगवलेली जास्तीची रोपं उपटतो. ज्यांना एवढं करायला जमणार नाही त्यांनी ती लावूच नये. गुंजेची वेल बऱ्याच जणींनी सुचवली होती, लाल-काळं बी फार सुंदर दिसतं म्हणून. ते बी विषारी असतं, मुलांच्या हाताशी ते नको, म्हणून नाही लावली. धूळ हा प्रश्न राहिलाच आहे. जानेवारीपर्यंत रस्त्याकडेची कामिनी करडी होते, टँकर आला की पानांवर पाण्याचा फवारा मारून घ्यावा लागतो.

होळीनंतर कापणी. विळ्याने, चार बोटं बुंधा ठेवून. यंत्र लावलं तर बुंधे फाटतात आणि खाली दडलेले किडे-कोळी सगळे मरतात. काड्या जाळत नाही. पुण्यात ब्राऊन लीफसारख्या उपक्रमाने वाळलेल्या पानांची देवाणघेवाण इतकी रुजवली आहे की आता पाला मागायलाच लोक येतात. अर्धं गवत आम्ही झुडपांच्या आळ्यात आच्छादन म्हणून घालतो, उरलेलं घेऊन जायला गच्चीवर भाज्या लावणारे रांगेत असतात. कापणीनंतर दोन-अडीच महिने त्रिकोण बोडका दिसतो, ते मान्यच करायला हवं. तेवढा काळ सांगाड्याच्या झुडपांवर आणि शिरीषाच्या नव्या पालवीवर निभावतो.

आता जवळच्या एका दुभाजकासाठी विचारणा झाली आहे. तो जेमतेम तीन फूट रुंद, दोन्ही बाजूंनी बस जाते. तिथे कुसळी, रोशा, दीपमाळ काहीच चालणार नाही. मारवेलचे सुटे ठोंब, मध्ये ठरावीक अंतरावर कोरांटी आणि दोन्ही काठांना कोरफड, एवढंच सुचवलं आहे. कोरांटीचे काटे माळ्यांना त्रास देतील, पण तिथून लोक रस्ता ओलांडायला मधूनच घुसतात, तेही थांबेल.

ज्यांना आपल्या भागात हे करायचं असेल त्यांच्याकरता बियाणांचं तेवढं सांगते. गवताचं बी मार्गशीर्षात, तुरा हाताने ओढल्यावर सहज सुटून आलं की गोळा करायचं, सकाळचं दव पूर्ण वाळल्यावर. कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये त्याला बुरशी धरते. ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावरून, विचारून घ्या. तरवडाच्या शेंगा मात्र झाडावरच तपकिरी होऊन खुळखुळू द्या, घाईने हिरव्या तोडल्या तर त्यातलं बी उगवत नाही.